फक्त हलकं सामान

‘फुलमार’ बोट, टार्बर्ट बंदर
गुरुवार, १५ जानेवारी

प्रिय मर्डिना,

पत्राची सुरुवात कशी करायची यातच सकाळचे दोन चहा संपले. ‘तू बरी असशील’ असं लिहिलं आणि खोडलं. बरी असशीलच, तुला काय धाड भरलीय. मीही बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण बोट एवढीशी आहे की कुठेही तोल गेला तरी धरायला काहीतरी हाताला लागतंच.

दहा दिवस झाले, धक्क्याच्या फळ्यांवर बर्फाचा पापुद्रा आहे. पाण्याचा नळ रोज किटलीतल्या पाण्याने सोडवावा लागतो. बंदरात माझी धरून तीनच बोटींत माणसं आहेत, बाकीच्या ताडपत्र्या पांघरून झोपल्यात. त्यातल्या चार ताडपत्र्या मीच शिवलेल्या आहेत, म्हणून येताजाता नजर जाते. डूगी आहे अजून. डूगी म्हणजे आयुष्यभर मासेमारीच्या बोटींची इंजिनं सांभाळलेला तो म्हातारा, मार्चमध्ये टॉर्किलच्या शवपेटीला खांदा द्यायला तुमच्या बेटावर आला होता आणि तुझ्या स्वयंपाकघरात चार वेळा सूप मागून प्यायला, तो. तुझ्या सूपची आठवण अजून काढतो मेला.

साडेनऊ महिने आपण दोघी एकमेकींशी एक अक्षर बोललेलो नाही, आणि हे पत्र त्यावर बोलायला लिहिलेलं नाही. कामाचं एक विचारायचंय, बस.

तेलकट लोकर, म्हणजे तू कातून तशीच विणतेस ती, गरम नळीवर चढवली तर जळते का? निदान वास तरी सुटतो का?

आता नळी कसली ते सांगते. तुझ्या भावाने, टॉर्किलने, तुला बोटीतला खिळान् खिळा सांगितला असेल, पण हीटरबद्दल सांगितलं असेल असं वाटत नाही. आमच्या बोटीत मागच्या कप्प्यात डिझेलवर चालणारा एक डबा आहे. तो हवा तापवतो आणि ती हवा एका नळीतून बोटभर फिरते. नळी चांगली मनगटाएवढी जाड, पण अंगाने अगदी लेचीपेची, सुरकुत्यांची, अंगठ्याने दाबली तरी दबणारी. बाकांखालच्या कप्प्यांतून, बोटीच्या गार कुशीला चिकटून ती पंधरा हात पुढे जाते. वाटेत मधल्या खोलीत एक जाळी, आणि शेवटची जाळी अगदी पुढे, नाळेकडच्या केबिनमध्ये. मागच्या टोकाला हात लावलास तर पोळेल. पुढच्या टोकाला पोचेपर्यंत हवा विसरलेल्या चहासारखी. निम्मी ऊब कप्प्यांतच सांडते. बटाटे, दोर आणि रंगाचे डबे मस्त शेकतात, माणूस कुडकुडतो.

म्हणून नळीला लपेटायचं काम काढलंय. मनात नव्हतं माझ्या. पण पुढच्या केबिनचं दार मी टॉर्किल गेल्यापासून उघडलं नव्हतं, आणि गेल्या आठवड्यात डूगी त्या दारापाशी उभा राहून नाक वर करून हुंगायला लागला.

“जेसी, बुरशीचा वास येतोय. दार बंद ठेवून तू बोट पुढून कुजवतेयस.”

“कुजू दे.”

“उघड ते. आत काय भूत बसलंय?”

“बसलं असतं तर केव्हाच उघडलं असतं,” मी म्हटलं. त्यावर तो बिचारा पाठ फिरवून स्वतःच चहा करायला लागला.

तर, ग्लासवूलच्या, म्हणजे काचेच्या तंतूंच्या, जाड पट्ट्या आणल्या, चंदेरी कापडात घालून माझ्या हातयंत्रावर त्यांच्या लांब बाह्या शिवल्या, आणि नळी सुटी करून एकेक बाही तिच्यावर चढवत चाललेय. डूगी बाकावर बसून मुकादमी करतो. “घट्ट आवळू नकोस गं, चेपलंस तर ऊब धरणार नाही, आत हवा राहायला हवी.” “धुराच्या नळीला हे लावायचं नाही हं, तिचं वेगळं असतं, नाहीतर मला पुन्हा दफनाचा काळा कोट इस्त्रीला द्यावा लागेल.” आणि शेवटी, “नळीला स्वेटर शिवतेस आणि माझं कोपराचं भोक तुला दिसत नाही!” त्याला सांगितलं, नळी निदान माझी बिस्किटं खात नाही.

ग्लासवूल पुढच्या केबिनच्या आधी दोन हात कमी पडलंय. हीटरपाशी तेच हवं, तिथे दुसरं काही चालत नाही. पण शेवटाला हवा निवलेली असते, तिथे लोकर चालेल असं वाटतं. थोडी लोकर बोटीत आहे. म्हणून विचारलं.

सगळे कप्पे रिकामे करून झाडले. विशेष काही सापडलं नाही. गंजलेला चमचा, टॉर्किलचा हरवलेला चष्मा, आणि मागच्या जन्मीचा वाटावा असा एक कांदा.

लोकरीचं तेवढं कळव. पोस्टकार्डावर ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहिलंस तरी पुरे.

जेसी

शनिवार, १७ तारीख

पाकीट चिकटवून पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले आणि तशीच परत आले. पाकीट वाफेवर धरून उघडलंय, कडा चुरगळल्यात ते त्यामुळे. नवं पत्र लिहिलं असतं, पण मग वरचं सगळं फाडावंसं वाटलं असतं. ते तू वाचलंच पाहिजेस. मी किती सफाईने खोटं लिहू शकते ते तुला दिसू दे.

कप्प्यात विशेष काही सापडलं नाही, हे खोटं आहे. जे सापडलं ते सोमवारीच सापडलं होतं. त्यानंतर दोन दिवस मी त्याच्या भोवती भोवती शिवत बसले आणि तिसऱ्या दिवशी तुला कांद्याच्या गोष्टी लिहिल्या.

तुझ्या स्वयंपाकघरातलं आधी बोलू. दफन करून आलेली मंडळी बाहेरच्या खोलीत होती. तू किटली खाली ठेवलीस, माझ्याकडे वळलीस आणि अगदी हळू आवाजात म्हणालीस, “वहिनी, तू माझ्या भावाला गारठवून ठेवलंस. फोनवर मोजे मागत होता तो माझ्याकडे. पाय बर्फ झालेत म्हणत होता.”

ओरडली असतीस तर मला सोपं गेलं असतं. मी काय उत्तर दिलं ते तुला आठवत असेलच. मला तर शब्दन् शब्द आठवतो. “आमची बोट तुझ्या या घरापेक्षा गरम असते. आजारपणात तो कुरकुऱ्या झाला होता. आणि तू लाडावून ठेवलेला भाऊ, तुझ्यापाशी नाही तर कुणापाशी रडगाणं गाणार?” मग तू म्हणालीस, निदान मी पाठवलेले ते मोजे तरी परत दे, त्याच्या पायांत गेलेच नाहीत. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याच्या नावाने आलेलं टपाल आहे, माझं आहे. आणि जी निघाले ती फेरीबोटीच्या धक्क्यावर तीन तास पावसात उभी राहिले, पण तुझ्या घरात परत आले नाही.

मर्डिना, बोट गरम होती हे मी खोटं बोलले नव्हते. मला खरंच तसं वाटत होतं. म्हणून तर इतका ताठा होता.

गेल्या हिवाळ्यात खोकला वाढला तसा तो पुढच्या केबिनमध्ये झोपायला गेला. “तुझी झोप नको मोडायला,” म्हणाला. उशांचा ढीग करून अर्धवट बसून झोपायचा. मी मधल्या खोलीत. आणि मधल्या खोलीत त्या हिवाळ्यात काय ऊब होती म्हणून सांगू! बाह्या वर सारून बसायचे मी. दोन वेळा तो पुढून म्हणाला, “जेसी, इथे नुसता वारा येतो गं. ऊब नाही येत.” मी इथूनच ओरडले, “मला घाम फुटलाय आणि तुला थंडी वाजतेय? आणखी एक स्वेटर चढव.” तिसऱ्यांदा तो बोलला नाही. मला वाटलं, चला, चढवला वाटतं स्वेटर.

मग त्याने तुला फोन केला.

माझं शिवणयंत्र तुला माहीत आहे. हाताने चाक फिरवायचं, ओतीव लोखंडाचं, उचलताना माझीच कंबर मोडते. आधी ते मागे असायचं. पण सामान लावायचं काम कायम टॉर्किलचं, आणि त्याला वाकता येईना तेव्हा ते माझ्याकडे आलं. मागून रोज ते धूड आणण्यापेक्षा मी ते मधल्या खोलीतल्या डाव्या बाकाखाली ठेवायला लागले. छान बसायचं तिथे. बाजूंना ताडपत्रीचे तुकडे कोंबले, म्हणजे हलायला नको.

सोमवारी तो कप्पा उपसला. यंत्राच्या खाली नळी होती. होती म्हणजे काय, पोळपाटावर लाटल्यासारखी चपटी झाली होती. हातभर लांब. त्यातून पुढे हवा म्हणून जायची ती जेमतेम फुंकर. उरलेली सगळी ऊब आधीच्या जाळीतून माझ्या खोलीत. मला फुटलेला घाम त्याच्या वाटणीच्या उबेचा होता.

अजून आहे. तेही लिहिते.

बोटीवरचे लोक कप्प्याच्या झाकणाला आतून पेन्सिलीने लिहून ठेवतात, कशात काय ते. त्या झाकणाला टॉर्किलच्या अक्षरात आहे, ‘फक्त हलकं सामान.’ ते मी गेल्या हिवाळ्याच्या आधीच वाचलं होतं. न वाचता चूक झाली असती तर एक वेळ मनाला समजावलं असतं. मला वाटलं, बोट डाव्या अंगाला कलेल म्हणून त्याने ते लिहिलंय. तुला ठाऊक आहे, बोट सरळ आहे का ते दाखवणारी ती बुडबुड्याची पट्टी घेऊन तो कसा बसायचा, बोट बोटभर कलली तरी सामान इकडचं तिकडे करत राहायचा. म्हणून मी काय केलं, तर उजव्या बाकाखाली पाण्याचे दोन भरलेले कॅन ठेवले. बुडबुडा बरोबर मधोमध! मी इतकी खूश की त्याला हाक मारून सांगितलं, “बघ, तुझ्याशिवाय बोट सरळ ठेवलीय.” तो म्हणाला, “शाब्बास.” त्याला कॅनचं सांगितलं. यंत्राचं नाही सांगितलं. का ठेवलं तिथे म्हणून पुन्हा लेक्चर नको होतं मला.

मधल्या खोलीपासून पुढच्या जाळीपर्यंत पाच पावलं आहेत. एकदा जाऊन जाळीसमोर हात धरला असता तरी कळलं असतं. साऱ्या हिवाळ्यात मी ती पाच पावलं औषध घेऊन गेले, सूप घेऊन गेले, रागावून गेले. हात काही धरला नाही.

आज इतकंच. डूगी आला होता, त्याला अजून सांगितलेलं नाही. त्याने चपटी नळी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि “हातभर कापावी लागेल, मी दुसरा तुकडा आणतो,” एवढंच म्हणून गेला. कळलंच असणार त्याला. आयुष्यभर इंजिनं उघडलेला माणूस.

सोमवार, १९ तारीख

काल रविवार, देवाचा वार, तुमच्या बेटावर कुणी काम करत नाही, म्हणून नळीला हात लावला नाही. मला रविवारचं काय, मी ग्लासगोची, रविवारी यंत्र फिरवते म्हणून तू मला किती बोलायचीस! “निदान मी आलेय तेवढे दोन दिवस तरी देवाला घाबर.” काल यंत्र झाकून ठेवलं. तू इथे नसताना तुझा रविवार पाळला, आणि तो किती लांब असतो ते पहिल्यांदा कळलं.

नवा तुकडा शनिवारी संध्याकाळीच डूगीने बसवून दिला होता. म्हणून काल दुपारी फक्त बटण दाबलं आणि पुढे गेले. बुरशी पुसून काढलीय. गादी आठवडाभर मधल्या खोलीत वाळवलीय. त्याच्या जागेवर, त्याच्यासारख्या उशा रचून अर्धवट बसले. दहा मिनिटं गेली असतील. पायांकडच्या जाळीतून ऊब आली गं. अजून दोन हात नळी उघडीच आहे, तरी आली. पावलं गरम झाली, मग पोटऱ्या. मी तिथे बसून लहान पोरीसारखी रडले. वर्षभरात अशी रडले नव्हते. तुझ्याकडे दफनाच्या वेळी सगळ्यांना वाटलं असेल, काय दगड बाई आहे.

डॉक्टरीण म्हणाली होती की त्याची फुप्फुसं संपलीच होती, थंडी असो नसो, तो वसंत काही पाहणार नव्हता. तुलाही तिने तेच सांगितलं असेल. मी ते ढालीसारखं वापरलं. आता वापरत नाही. जायचा तो गेलाच असता, पण गरम पायांनी गेला असता. तेवढं माझ्या हातात होतं. मी ते केलं नाही, आणि वर तुलाच खोटं पाडलं. तू खरं बोलली होतीस, मर्डिना. हे तोंडावर सांगायला हवं, पण माझं तोंड तुला माहीत आहे, ते ऐन वेळी भलतंच बोलतं.

लोकरीचं उत्तर मला आधीच माहीत होतं. डूगीनेच सांगितलं, शेवटाला लोकर बेलाशक चालते, पूर्वी बोटीवरचे लोक जुन्या स्वेटरांच्या बाह्याच चढवायचे. मी तुला विचारलं ते अशासाठी की साधा कामाचा प्रश्न असला तर तू उत्तर देशील. लोकरीबद्दल कुणी काही चुकीचं करत असलं की तुला गप्प बसवत नाही.

बोटीत असलेली लोकर कोणती, ते तू ओळखलंच असशील. तुझे मोजे. तो गेल्यावर दोन दिवसांनी आलेले, मांडीपर्यंतचे, पांढरे, वर दोन उलट्या ओळींची तुझी खूण असलेले. कागदातून काढले तेवढेच, कुणीही घातलेले नाहीत. मी ते नळीला लावून पाहिले, फक्त बाहेरून, लांबी बघायला. एकापुढे एक दोन मोजे म्हणजे बरोबर तेवढंच अंतर भरतं. त्याच्या पायांपर्यंत.

पण त्यासाठी पंजे कापावे लागतील. आणि विणलेलं कापलं की उसवत जातं, टाके कसे धरून ठेवायचे ते मला येत नाही. ताडपत्री शिवणारी बाई मी, माझी सुई तुझ्या विणीला लागली तर वाटोळं होईल. आणि येत असतं तरी तुला न विचारता कात्री लावली नसती. एकदा तू मागितलेस तरी ठेवून घेतले, तेवढं पुरे झालं.

तेव्हा तू सांगशील तसं. मोजे हवे असले तर लिही, मी परतीच्या टपालाने पाठवते, आणि नळीचा तेवढा भाग ग्लासवूलने पुरा करते, एक शब्द बोलणार नाही. पण यावंसं वाटलं तर ये. उल्लापूलपर्यंत फेरीबोट आणि पुढे बस, डूगी गाडी घेऊन इन्व्हररीपर्यंत येईन म्हणतो. सूप करणार का, एवढं विचारून ठेव म्हणाला. तुझ्या हाताने पंजे काप, तुझ्या हाताने टाके बंद कर, आणि चढव नळीवर. मी फक्त दिवा धरीन. भांडायचं असलं तर भांडूही. समोरासमोर भांडायला माणूस नाही इथे, मर्डिना. बोटीशी बोलून बोलून कंटाळले मी.

पुढच्या केबिनमध्ये बिछाना घातलाय. सकाळ-संध्याकाळ दोन तास हीटर लावून तिथे आधी हात धरून बघते, मग माझ्या खोलीत येऊन बसते. यंत्र आता टेबलावर असतं. जेवण मांडीवर घेऊन जेवते, काही बिघडत नाही. झाकणावरचं त्याचं अक्षर पुसलेलं नाही. मोजे तिथेच, उशीवर ठेवलेत, आणि कात्री मी डूगीकडे दिलीय.

रविवार सोडून कोणत्याही दिवशी ये. रविवारी आलीस तरी मी कुणाला सांगणार नाही.

तुला अजून म्हणावंसं वाटलं तर, तुझी वहिनी,
जेसी